ढब्बूला काय कळतं

पामर्स्टन नॉर्थ
न्यूझीलंड, ३ मार्च २०२५

प्रिय शकुआत्या,

नमस्कार. आणि आधीच सांगतो, ओरडू नकोस. हेस्टिंग्जचं सफरचंदं तोडायचं काम सोडलं. म्हणजे त्यांनी मला सोडलं असंही म्हणता येईल, ते तू कोणाला विचारतेस त्यावर आहे. इथे पामर्स्टनला चिरागच्या घरात एक खोली रिकामी होती, तिथे येऊन पडलोय. तो युनिव्हर्सिटीत गवतावर संशोधन करतो. गवतावर, आत्या. आणि मला म्हणतो तुझं आयुष्य कुठे चाललंय.

तुला फोनवर ऐकू येत नाही, मेसेज तू वाचत नाहीस, म्हणून हे पत्र. सत्ताविसाव्या वर्षी पोस्टाची तिकिटं विकत घेणारा या गावात मी एकटाच असणार, काउंटरवरची बाई माझ्याकडे कौतुकाने बघते.

नवीन काम एका प्राण्यांच्या दवाखान्यात आहे. पिंजरे धुणं, फरशी पुसणं आणि धरणं. डॉक्टर सुई देते तेव्हा जनावर हलू नये म्हणून त्याला कवेत धरून बसायचं, ते धरणं. डॉक्टरचं नाव केरी. पन्नाशीची आहे, बुटकी, गाईच्या पोटातून वासरू ओढून काढेल अशी. तिने मला कामावर घेतलं कारण माझे हात मोठे आणि गरम आहेत. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कुठल्या गोष्टीला कोणी पात्रता म्हटलं असेल.

गेल्या आठवड्यात एका म्हाताऱ्या लॅब्रेडॉरला धरलं. बरं करायला नव्हे, दुसऱ्या कामाला. औषध हिरवं असतं, भांड्यांच्या साबणासारखं. मुद्दाम रंग घालतात, दुसरं काहीतरी समजून चुकून कोणाला टोचलं जाऊ नये म्हणून. पेंटोबार्बिटल. मुळात भुलीचंच औषध, फक्त खूप जास्त द्यायचं. आधी झोप लागते, मग श्वास थांबतो, मग हृदय. मी त्याचं डोकं हातात घेऊन बसलो होतो, ते हळूहळू जड झालं. एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी होईल.

नंतर मी बाहेर जाऊन सायकलची चेन साफ करत बसलो. ती आधीच साफ होती.

असो. ढब्बू कसा आहे? अजून पोस्टमनवर भुंकतो का?

तुझा,
देवव्रत

*

जॉन्सनव्हिल
१२ मार्च

चि. देवूस,

आशीर्वाद आहेतच, ते तू कुठल्या गावी असतोस यावर अवलंबून नाहीत. तुझ्या आईचा आमच्या आरवला फोन आला होता. ‘सफरचंदं तोडतोय ना तो,’ म्हणाली. मी आरवला हो म्हणायला सांगितलं. यापुढे खोटं बोलायचं असेल तर तुझं तू बोल.

पोस्टमन आता आठवड्यातून दोन-तीनदाच येतो. आणि खरं सांगते, तो आला तरी ढब्बू उठत नाही. मागच्या डाव्या पायाच्या हाडात गाठ आहे. इथली डॉक्टर म्हणाली, वेळ आली. म्हणताना तिने माझा हात हातात घेतला. मी काढून घेतला.

ह्यांनी त्याला आणला तेव्हा तो माझ्या पोळपाटाएवढा होता. हे गेले तेव्हा तोच घरात होता, आरव ऑफिसात होता. त्याला मी कोणाच्या हातात देऊ, आणि तेही मारायला?

तुझे आजोबा, आमचे अण्णा, जेलर होते एवढं तुला माहीत आहे. तू जन्मलास तेव्हा ते निवृत्त होऊन बागेला पाणी घालत होते, म्हणून तुला ते बागेला पाणी घालणारेच वाटतात. मी आणि तुझे बाबा जेलच्या क्वार्टर्समध्ये वाढलो. फाशी असली की आम्हा मुलांना कोणी सांगायचं नाही. पण आदल्या दिवशी वाळूचं पोतं दोराला बांधून खटका ओढून बघत. त्याचा धप्प आवाज भिंतीपलीकडून यायचा. तेव्हा माझे कान चांगले होते. आम्ही लगोरी खेळत असायचो. धप्प झालं की सगळे जरा थांबायचो, आणि मग कोणीतरी चेंडू मारायचा.

तू लिहिलंस ते औषध मी आरवला शोधायला लावलं. त्याने काहीतरी वाचून फोन माझ्या डोळ्यांपुढे धरला. अमेरिकेत फाशीच्या कैद्यांना हेच टोचतात म्हणे. ‘इट्स द सेम स्टफ, मम,’ म्हणाला. चेहरा असा, की जणू मला धीर देतोय.

तू त्या खोलीत असतोस म्हणून विचारते. दोनच गोष्टी सांग. औषध तेच आहे का? आणि कुत्र्याला कळतं का? सजवून सांगू नकोस. तुझं शिक्षण कमी असेल, पण तुला खोटं नीट बोलता येत नाही, ते मला उपयोगाचं आहे.

शकुआत्या

*

पामर्स्टन नॉर्थ
२३ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र खिशात घालून केरीकडे गेलो. ती जेवणाच्या सुट्टीत सँडविच खात होती. मी म्हटलं, माझी आत्या विचारते. ती म्हणाली, बस.

पहिलं उत्तर: तेच आहे. आरव बरोबर आहे. पण पूर्ण बरोबर नाही, आणि त्यात माझा अख्खा लंच ब्रेक गेला.

आधी तिथे तीन औषधं द्यायचे, काही ठिकाणी अजूनही देतात. पहिलं झोपेचं. दुसरं सगळे स्नायू लुळे करणारं. तिसरं पोटॅशियम, ते हृदय बंद पाडतं. केरी म्हणाली, मधलं औषध मरणाऱ्यासाठी नसतंच. काचेपलीकडे बसून बघणाऱ्यांसाठी असतं, हातपाय उडू नयेत, चेहरा शांत दिसावा म्हणून. पण झोपेचं औषध नीट लागलं नसेल तर माणूस आत जागा असतो. नसेतून आग गेल्यासारखं होतं आणि त्याला बोट हलवून सांगताही येत नाही. जनावर पूर्ण बेशुद्ध नसताना त्याला असं मारायला प्राण्यांच्या डॉक्टरांना मनाई आहे. केरी म्हणाली, मी मांजराला असं केलं तर माझं लायसन्स जाईल.

मग औषधं बनवणाऱ्या कंपन्या, बऱ्याचशा युरोपातल्या, म्हणाल्या की आमचा माल या कामाला द्यायचा नाही. तेव्हा काही राज्यांनी हे आपलं हिरवं औषध धरलं. त्यांचं हिरवं असतं का ते विचारायचं राहिलं. तेही सरळ मिळत नाही, मग कुठूनतरी बनवून घेतात आणि कुठून ते सांगत नाहीत. एकदोन राज्यांत तोंडाला मास्क लावून नायट्रोजन द्यायला लागलेत. आणि तिथल्याच प्राण्यांच्या डॉक्टरांची नियमावली म्हणते, कुत्र्यामांजरांना नायट्रोजनने मारू नये. मी विचारलं, म्हणजे कुत्र्याला चालत नाही ते माणसाला चालतं?

टोचणाऱ्यांचंही तसंच. डॉक्टरांच्या संघटना म्हणतात आम्ही मारायला शिकलो नाही. मग जो मिळेल तो टोचतो. नस सापडत नाही म्हणून तासभर भोसकत राहिल्याच्या गोष्टी आहेत. काहींना तर टेबलावरून उठवून परत कोठडीत नेलं.

केरी पायावरचे केस काढते, एक बारीक नळी आधीच बसवून ठेवते, त्याही आधी गुंगीचं देते. मी तिला चुकताना पाहिलं नाही. औषध तेच, आत्या. हात तेच नाहीत.

दुसरं उत्तर. केरी म्हणते, कुत्र्याला दवाखान्याचा वास कळतो, तुम्ही रडताय ते कळतं, मरण बहुतेक कळत नाही. बहुतेक हा तिचा शब्द. मला विचारशील तर त्याला तारीख कळत नाही. माणसाला तारीख सांगतात आणि मग ती येईपर्यंत जिवंत ठेवतात, ताप आला तर गोळी देतात. मला हा फरक औषधाहून मोठा वाटला. पण मी अर्ध्यात डिप्लोमा टाकलेला माणूस, तू चिरागला विचार, तो निदान गवत तरी जाणतो.

सजवायचं नाही म्हणालीस म्हणून: डोळे मिटत नाहीत. उघडेच राहतात. आणि कधी कधी सगळं संपल्यावर एक श्वास येतो, लोक दचकतात. तो श्वास त्याचा नसतो, शरीराचा असतो.

एक छान गोष्टही सांगतो. टेबलाजवळ चॉकलेटची बरणी असते. कुत्र्यांना चॉकलेट विषासारखं, जन्मभर कोणी देत नाही. पण त्या दिवशी देतात. बरणी भरायचं काम माझं, कोपऱ्यावरच्या दुकानातल्या काकूंना वाटतं मीच खातो. काय चेहरा होतो गं कुत्र्यांचा. ढब्बूला पण द्यायचं, मूठभर.

या गावात वारा असा आहे की सायकल उभी केली की पडते. डोंगरावर पवनचक्क्या आहेत, मी परवा त्यांच्याकडे बघत बघत दुसऱ्याच गावाला पोचलो.

देवू

*

जॉन्सनव्हिल
२ एप्रिल

देवू,

चॉकलेटची गोष्ट छान नाही.

तुला कोणी सांगितलं नसेल म्हणून सांगते. अण्णांच्या वेळी एका कैद्याला आदल्या दिवशी काय खायचं विचारलं, तो म्हणाला थालीपीठ. जेलच्या स्वयंपाकघरात भाजणी कुठली? अण्णा घरी येऊन आईला म्हणाले, चार लाव. आईने लावली. वर लोण्याचा गोळा ठेवला. त्या दिवशी आम्हाला लोणी मिळालं नाही म्हणून मी रुसले होते. संध्याकाळी डबा परत आला. थालीपिठं तशीच, लोणी वितळून तळाशी गेलेलं. मग आम्हाला कळलं कोणासाठी होती. आईने ती गाईला घातली.

तेव्हा तुमची बरणी तुमच्याकडे ठेवा. कुत्र्याला शेवटची इच्छा विचारणारे तुम्ही मोठे दयाळू.

ढब्बू बरा आहे. तूपभात खातो. माझ्या पायाशी गप्प पडून असतो, काही त्रास नाही. डॉक्टरांना काय, त्यांना लवकर मोकळं व्हायचं असतं.

ईस्टरला ये. श्रीखंड करेन. कामाबद्दल बोलायचं नाही.

शकुआत्या

*

पामर्स्टन नॉर्थ
२२ एप्रिल

प्रिय आत्या,

कालपर्यंत तुझ्याच घरात होतो आणि आता पत्र लिहितोय, म्हणजे तुला कळलंच असेल की काहीतरी तोंडावर बोलता आलं नाही.

आधी चॉकलेट. चुकलं. मला ते लाड वाटले. केरीला तुझी थालीपिठांची गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, कोणाकोणाला ती बरणी नको असते, आणि का ते मात्र सांगत नाहीत. आता ती बरणी टेबलावर नसते, खणात ठेवतो. कोणी मागितली तर काढायची.

श्रीखंड भारी होतं. आरवने तीन वाट्या खाल्ल्या आणि म्हणाला ‘आय डोंट ईव्हन लाइक इट.’

आता ते. शनिवारी दुपारी तू मटार सोलत टीव्ही बघत होतीस, खाली अक्षरं येतात ती मालिका. ढब्बू तुझ्या पायाशी. तू पायाच्या अंगठ्याने त्याची पाठ चोळत होतीस आणि मधूनच मला म्हणालीस, बघ कसा शांत आहे.

तो रडत होता, आत्या.

जोरात नाही. एक बारीक, लांबलेला आवाज, दार वाऱ्याने किरकिरावं तसा. तू पाय ठेवलास की थांबायचा आणि काढलास की सुरू. मी आरवकडे बघितलं. त्याने कानातले हेडफोन काढले, पुन्हा घातले. नंतर स्वयंपाकघरात मला म्हणाला की महिना झाला असं चाललंय. तू का सांगत नाहीस विचारलं, तर म्हणाला, त्या औषधाचं मीच सांगून बसलो, आता मी काही म्हटलं तर ती म्हणेल मला त्याला मारायचंय. ‘यू टेल हर, ब्रो.’

मीही नाही सांगितलं. रविवारी दिवसभर श्रीखंड खाल्लं आणि सोमवारी बस पकडली. बसमध्ये वाटलं, हे आम्ही दोघं तुझ्यापासून लपवतोय, तुझ्या कानांच्या आड. ते बरं नाही.

काय करायचं ते तू ठरव. मी काही म्हणत नाही. फक्त तो गप्प नाही एवढं तुला माहीत हवं.

देवू

*

जॉन्सनव्हिल
२९ एप्रिल

चि. देवू,

पत्र वाचलं. दोन दिवस तुझा राग आला, तेवढे दिवस लिहिलं नाही.

मग ड्रॉवरमधलं कानाचं मशीन काढलं. बॅटरी गेलेली होती. आरवला आणायला पाठवलं. मशीन लावून ढब्बूजवळ खाली बसले. फ्रिजचा आवाज, बाहेरच्या गाड्या, माझ्याच साडीचा आवाज. मग तो.

ऐकलं मी.

हे सगळे दिवस मी त्याला सांगत होते, शहाणा आहेस, किती गुणी आहेस.

तुझ्या त्या केरीची आई अप्पर हटला असते आणि ती दर पंधरा दिवसांनी तिकडे जाते असं तू जेवताना म्हणाला होतास. जॉन्सनव्हिल काही फार आडवाटेला नाही. येईल का विचार. इथली डॉक्टर चांगली आहे, पण तिचा हात मी झटकला, आता तिला तोंड कसं दाखवू.

घरीच व्हायला हवं. टेबल नको, त्याच्या चादरीवर. त्याला मी धरेन, तू नाही. तू नुसता ये. चॉकलेट आणू नका. काय काय होणार ते तिने मला आधी सांगायचं, मोठ्याने आणि सावकाश, आरवने मध्ये पडून थोडक्यात सांगायचं नाही. मी मशीन लावून बसणार आहे.

आरवने बागेतली जागा बघून ठेवली आहे, लिंबाच्या झाडामागे.

शकुआत्या

*

पामर्स्टन नॉर्थ
१२ मे

प्रिय आत्या,

शनिवारनंतर आपण नीट बोललोच नाही. तू आत जाऊन पडलीस, मग केरीच्या गाडीतून मला निघावं लागलं. म्हणून पुन्हा पत्र. आता तिकिटांची बाई माझं नाव विचारते.

तू ‘थांब’ म्हणालीस त्याचं तुला वाईट वाटत असेल तर वाटून घेऊ नकोस, एवढंच सांगायचं होतं.

मी तुला बघत होतो. केरीने सुरुवातीलाच जमिनीवर मांडी घालून सगळं सांगितलं. पहिली सुई गुंगीची, मग नळी, मग हिरवं. आणि म्हणाली, कधीही नको वाटलं तर सांगा, मी थांबेन. तू मान हलवलीस. गुंगीच्या सुईनंतर ढब्बू झोपला, घोरायला लागला, तो बारीक आवाज बंद झाला. तू त्याच्या घोरण्यावर हसलीससुद्धा. सगळं इतकं चांगलं चाललं होतं. केरीने हिरवी सुई नळीला लावली आणि तू हात वर करून म्हणालीस, ‘थांब. स्टॉप.’

वाटलं, आता ही मोडली. आता तो उठेल, पुन्हा रडेल, आणि ही मशीन काढून ड्रॉवरमध्ये टाकेल. आरवचा चेहराही तसाच झाला. केरीने सुई काढली, टोपण लावलं, पिशवीत ठेवली, आणि मला खूण करून बाहेर डेकवर घेऊन गेली. आरवही आला.

बाहेर काय झालं ते तुला माहीत नाही म्हणून सांगतो. दक्षिणेचा वारा सुटला होता. मी केरीला म्हटलं, सॉरी, ती घाबरली. ती म्हणाली, कुठे जायची घाई आहे? आणि तुझ्या कोथिंबिरीच्या कुंड्या बघत बसली. आरवला म्हणाली, खड्डा अजून खोल करा. ते औषध अंगात राहतं, दुसऱ्या कुठल्या जनावराने उकरून खाल्लं तर तेही मरतं. मग आम्ही दोघं लिंबामागे खणायला गेलो. आरव रबरी चपला घालून आला होता, फावडं स्वतःच्या अंगठ्यावर मारून घेतलं आणि शिवी मराठीत दिली. ती त्याला कोणी शिकवली मला माहीत नाही, माझ्याकडे बघू नकोस.

मग तू काचेवर टकटक केलीस.

केरी परतताना गाडीत म्हणाली की असं बऱ्याच जणांचं होतं, अगदी शेवटी धीर सुटतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मलाही तेच वाटतं. तू मोठी धीराची आहेस असं आम्ही सगळे धरून चालतो, ते बरोबर नाही.

मी या कामात किती टिकेन माहीत नाही. मोटुएकाला एकजण होड्या रंगवायला बोलावतोय. पण सध्या आहे. उद्या दोन मांजरं आहेत.

तुझा देवू

*

जॉन्सनव्हिल
२० मे

चि. देवूस,

तुम्ही तिघं बाहेर बसून माझ्या धीराची काळजी करत होतात हे वाचून करमणूक झाली. मोटुएकाला जायचं तर जा, पण आईला तू स्वतः सांग.

केरीला माझा निरोप दे. दोन तास गाडी चालवून आलेल्या बाईला मी वाऱ्यात बसवलं आणि चहा विचारला नाही. पुढच्या वेळी आईकडे जाताना तिने इथे उतरायचं, काम नसताना. आणि तिला सांग की शेवटचा तो श्वास आला नाही. मी वाट बघत होते. डोळे उघडे राहिले, ते तू आधी सांगितलं होतंस म्हणून चाललं.

घरात आता पोस्टमन आलेला कळत नाही. मशीन घालते मी, रोज थोडा वेळ. आरव किती बोलतो रे. मला वाटायचं तो गप्प मुलगा आहे.

आता थांब म्हणण्याचं. तुम्ही सगळ्यांनी ते चुकीचं वाचलंत, म्हणून सांगते. मी घाबरले नव्हते. माझं ठरलं होतं, मशीन लावलं त्याच दिवशी ठरलं होतं.

अण्णा फाशीबद्दल घरात कधी बोलले नाहीत. एकदाच बोलले, निवृत्त झाल्यावर, मी माहेरी गेले होते तेव्हा. मी विचारलं, तिथे उभं राहून काय वाटायचं? मला वाटलं दोराचं सांगतील, नाही तर त्या माणसाचं. ते म्हणाले, तिथे आम्ही सातआठ जण असायचो. साहेब, डॉक्टर, मी, शिपाई, खटका ओढणारा. प्रत्येकाला काही ना काही काम नेमून दिलेलं. मी एकदा मनात म्हटलं, समजा आत्ता मी नको म्हटलं तर? आणि मग लक्षात आलं, माझ्या नको म्हणण्याने एवढंच झालं असतं की मला बाजूला करून माझ्या जागी दुसरा उभा केला असता. आमच्यातल्या कोणीही म्हटलं असतं तरी तेच. वरून कागद आला तर थांबणार, आमच्या सांगण्याने नाही. शकू, ते म्हणाले, आम्ही सगळे तिथे होतो आणि कोणीच नव्हतो. एवढं बोलून पाण्याची झारी उचलून बागेत गेले.

तू लिहिलंस औषध तेच, हात वेगळे. केरीचे हात चांगले आहेत, मी बघितले. पण चांगल्या हातांनीही ते काम होऊ शकतं. अण्णांचे हात चांगलेच होते.

ती म्हणाली, कधीही सांगा, मी थांबेन. असं सगळेच म्हणतात. मला ते खरं आहे का बघायचं होतं. ढब्बू झोपलेला, त्याला काही दुखत नव्हतं, तेव्हा बघायला हरकत नव्हती. सुई नळीला लावल्यावर, अगदी शेवटच्या घडीला, मी हात वर केला.

ती थांबली. का म्हणून विचारलं नाही, मला समजावलं नाही, घड्याळ बघितलं नाही. टोपण लावून बाहेर निघून गेली, जशी काही एवढ्याचसाठी आली होती.

खोलीत मी आणि तो. घोरत होता. मशीनमधून त्याचं घोरणं फार मोठं ऐकू येत होतं. बाहेर तुम्ही खणत होतात तेही येत होतं. मी त्याच्या कानामागे खाजवलं, तिथे त्याला आवडायचं. माझ्यावाचून आता काही होणार नव्हतं. मी बसून राहिले असते तर तो उठला असता, रडला असता, आणि तेही मीच केलेलं असतं. अण्णांच्या वाट्याला ही बसायची जागा कधी आली नाही. मला आली, तर मी थोडा वेळ बसले.

मग उठले आणि काचेवर टकटक केली.

तुझी,
शकुआत्या